तीन सेकंद थांबणं: वर्गात काही महिने वापरल्यावर

परिषदेतून आणलेलं सामान आमच्या स्टाफरूमच्या कपाटात जातं: फाइल, बिल्ला, प्रमाणपत्र. पणजीच्या शिक्षक परिषदेतली एक गोष्ट मात्र काही महिने रोज वापरते आहे: मुलांना प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद गप्प थांबणं. फुकट आहे, चार्ज करावी लागत नाही.

सकाळ स्वागत-सत्कारात गेली. दुपारी, जेवून डोळे जड झालेले असताना, एका प्रशिक्षक बाईंनी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून शेजाऱ्याला प्रश्न विचारायला सांगितलं. मग ते ऐकायचं आणि आपला प्रश्न व आपलंच पुढचं वाक्य यांतलं अंतर मोजायचं. हॉलभर हशा. एक सेकंदही कोणाचा धड भरेना; प्रश्नही आमचा, उत्तरही आमचंच!

मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. 1974 साली तिचा निबंध आला. शिक्षक सरासरी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प बसणं कमी होतं, मुलं आपणहून प्रश्न विचारतात. मला टोचलं ते वेगळंच: ज्या मुलाकडून अपेक्षा कमी, त्याच्यासाठी शिक्षक आणखी कमी थांबतो. खरं तर त्या दिवसांत ऐच्छिक निवृत्तीचा अर्ज कसा करतात याची मी चौकशी करून ठेवली होती. पण परतताना कदंबाच्या बसमध्ये बसल्या बसल्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचा तासच घोळत होता.

आमची मराठी प्राथमिक शाळा गोव्यातल्या पेडण्यात, शापोरा नदीच्या काठाजवळ. पहिले काही दिवस ती शांतता मला खायला उठायची. हुशार पोरं 'टीचर, मी! मी!' करत अर्धी उभी. शेवटी हात वर करणं बंद केलं, पाटीवर लिहायला लावलं.

मग परिसर अभ्यासात खाजन शेती आली, म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. त्या बांधात पाण्यासाठी दारं असलेली वाट असते, ती मानस. विचारलं, "भरतीला मानशीचं दार कोण लावतं?" पहिल्या बाकावरून लगेच "शेतकरी!" मी काहीच बोलले नाही. उत्तरानंतरही थांबायचं असतं, 'शाब्बास' किंवा 'चूक' म्हणायचं नाही. मला तरी हेच जास्त कठीण जातं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो हजेरीलाही मान हलवून काम भागवतो, म्हणाला, "कोण ना. भायलें उदकच दाराक धुकलता." घरच्यांबरोबर मासे पकडायला मानशीवर जात असणार. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं म्हणून दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून नदीत जातं, हे त्याने हाताचे दोन पंजे दारासारखे करून दाखवलं. खारं पाणी शेतात का शिरत नाही, हे मग वर्गानेच सांगितलं. कोकणीत बोलला म्हणून मी अडवलं नाही. घरची भाषा आधी येते, पुस्तकातली मागून, आणि त्यालाही वेळ लागतोच.

उणिवा आहेत. पाढ्यांना, स्पेलिंगला हे चालत नाही. येत असेल तर लगेच येतं, नसेल तर थांबून पोर फक्त लाजतं. 'का' आणि 'कसं'च्या प्रश्नांसाठीच ठेवा. पाठ लांबतो, सत्राच्या शेवटी माझे दोन धडे घाईत उरकले. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना शांत वर्ग बघून वाटलं मुलांना काही येत नाही, आणि त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं. आणि बहुवर्ग शाळा असेल, दोन इयत्ता एकाच खोलीत, तर दुसरी इयत्ता त्या तीन सेकंदांत काय काय करते ते मी सांगायला नको.

वापरून बघायचं असेल तर एकाच विषयाच्या तासाला सुरू करा. मनात एक-दोन-तीन म्हणू नका, आपण भरभर मोजतो; मी एक सावकाश श्वास घेते. आठवड्यातून एकदा मोबाइलवर तास रेकॉर्ड करा आणि घरी एकटं असताना ऐका.