फुस्स झालं आणि ताई म्हणाली, ‘एवढंच?’

ताई निवृत्त झाली, तेव्हा तिला कुठे न्यायचं यावर घरात बरीच खलबतं झाली. शेवटी मीच हट्टाने शहरातल्या त्या नव्या पॅरिस-छाप शॅम्पेन बारमध्ये टेबल धरलं. दिवसा कॅफे, संध्याकाळी बार.

वेताच्या खुर्च्या, संगमरवरी गोल टेबलं, जस्ती पत्र्याचा काउंटर. बाहेरच्या खुर्च्या थेट पॅरिससारख्या शेजारीशेजारी, रस्त्याकडे तोंड करून मांडलेल्या. फक्त समोर रस्त्याऐवजी पार्किंग आहे. एका गाडीचं रिव्हर्स आम्ही दहा मिनिटं मन लावून बघितलं.

मेन्यूत ‘शॅम्पेन’ या मथळ्याखाली प्रोसेको ही दुसरी बुडबुड्यांची वाइनही घुसवलीय. ती इटलीची, आणि तिचे बुडबुडे बहुतेक वेळा मोठ्या बंद टाकीत तयार होतात. शॅम्पेन फ्रान्सच्या शॅम्पेन नावाच्या प्रदेशातलीच. बुडबुडे आणणारं तिचं दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि साधीतली साधी बाटलीही किमान १५ महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही. मग दोघींना एका पंगतीत कशाला बसवायचं?

ताईला गोड चालत नाही, म्हणून तिने ‘एक्स्ट्रा ड्राय’वर बोट ठेवलं. ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली, पण हे नाव फसवं आहे. ब्रूट या तिच्याहून कमी गोड प्रकारामध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. हे वेटरने सांगायला हवं होतं, सांगितलं मी. दोन ग्लास ब्रूट मागवली.

आली ती मेलेली. ग्लास ट्युलिपच्या आकाराचे, म्हणजे अगदी योग्य, पण आत दोन-तीन बुडबुडे रेंगाळत वर येत होते. बाटली बहुधा आदल्या दिवशीच उघडलेली. तक्रार केली तर वेटर पोरगेलासा, कानापर्यंत लाल झाला. पण वाद न घालता नवी बाटली घेऊन आला आणि आमच्यासमोर उघडली. तारेच्या पिंजऱ्याला सहा अर्धे वेढे दिले, अंगठा बुचावरून क्षणभरही हलवला नाही, बूच घट्ट धरून बाटलीच हळूहळू फिरवली. आत गाडीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तरी आवाज आला तो नुसता फुस्स.

‘एवढंच?’ ताई हिरमुसली. तिला धडाका आणि फवारा हवा होता.

‘मॅडम, फवारा उडाला की तेवढी वाया जाते,’ तो म्हणाला. याला माझे पाच पैकी पाच. शॅम्पेन थंड, पण बर्फासारखी नव्हे. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा आणि मागून भाजलेल्या पावाचा वास. पहिल्या ग्लासचे पैसे लावले नाहीत. सोबतचे गुजेर, म्हणजे चीज घातलेले पोकळ पफ, गरम होते आणि पटकन संपले. क्रोक मस्यूचा, म्हणजे हॅम-चीजच्या भाजलेल्या सँडविचचा, खालचा पाव मात्र ओला लगदा.

चार दिवसांनी सकाळी एकटीच कॉफीला गेले. नॉअझेत मागितली. एस्प्रेसोत जेमतेम दूध घालतात, त्याने हेझलनटसारखा रंग येतो, म्हणून ते नाव. मुलीने विचारलं, ‘हेझलनट सिरप किती पंप घालू?’ मी गुपचूप साधी एस्प्रेसो घेतली. ती बरी होती. क्रोसाँ त्याहून बरा, मोडला तेव्हा ओढणीभर चुरा झाला.

ताई पुन्हा जायचं म्हणतेय. छत्रीसारखं फुगलेलं ते बूच तिने पर्समध्ये टाकून आणलंय. आता ते परत बाटलीत का जात नाही, हे ती रोज मला फोनवर विचारते.