रक्त मोजायचा ड्रेप: घ्या, पण रेघा तपासून

बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे अनेक लेबर रूममध्ये आजही अंदाजानंच लिहिलं जातं. केसपेपरवर 'नॉर्मल' एवढा शेरा पडतो आणि चादर बदलली की पुरावाही जातो. त्यामुळे बडोद्यात प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टरांना आणि तिथल्या सिस्टरना आमचं सांगणं एकच: सर्जिकलवाल्याकडे कॅलिब्रेटेड ड्रेपची मागणी नोंदवाच.

वस्तू साधी आहे. कमरेखाली अंथरायची पारदर्शक प्लास्टिकची चादर, कमरेला बांधायचे दोन बंद, आणि खालच्या टोकाला निमुळती पिशवी. पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. अशा ड्रेपचं मोठं काम बेळगावात झालं. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांचे सहकारी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी घेत होते. १,६२० बायकांची ही चाचणी २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. गोळीमुळे अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर उतरलं, आणि हे दाखवता आलं कारण रक्त ड्रेपमध्ये मोजलं होतं. त्याच गटाच्या तुलनेत नजरेचा अंदाज ड्रेपपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी निघाला. गौडरांच्या कारकिर्दीत पुढेही बाळंतिणीचा रक्तस्राव हाच धागा राहिला. उष्णतेतही टिकणाऱ्या कार्बेटोसिन या रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनच्या २०१८ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतही ते होते.

वापर चुकला तर ड्रेप निरुपयोगी. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं की लगेच तो कमरेखाली सरकवायचा. आधीच अंथरला तर पाणी आणि लघवी रक्तात मिसळते, आकडा फुगतो आणि सिस्टरचा त्यावरचा विश्वास उडतो. वार पडायची वाट बघत बसायचं नाही, कारण वारेबरोबर बरंच रक्त जातं. पिशवी टेबलाच्या कडेखाली मोकळी लोंबली पाहिजे. मांडीखाली घडी पडली तर रक्त वरच अडतं आणि खाली शंभर-दोनशेच दिसतं. वाचताना डोळे रेघेच्या पातळीवर आणा. भिजलेले गॉज वेगळे वजन करा: कोरं वजन वजा करून १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. पहिला तासभर ड्रेप काढू नका, आणि दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशयाचा कडकपणा आणि पिशवीतला आकडा एकाच कागदावर लिहा.

विकत घेताना ३०० आणि ५०० या दोन्ही रेघा ठळक आहेत ना, ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनानुसार ५०० मिली झालं की अतिरक्तस्राव धरायचाच. पण ३०० झालं आणि नाडी १०० च्या वर किंवा वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल, तरी उपचार सुरू करायला थांबायचं नाही. आपल्याकडे निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय असतो, म्हणून ३०० ची रेघ आम्हाला ५०० इतकीच महत्त्वाची वाटते. नव्या गठ्ठ्यातला एक ड्रेप टेबलाला बांधून त्यात मोजपात्रानं ५०० मिली पाणी ओता. रेघ चुकली किंवा शिवण गळली तर अख्खा गठ्ठा परत करा. स्वस्त मालात छपाई वाकडी आणि पिशवीचा जोड कच्चा, हे दोष नेमके इथेच पकडता येतात.

शेजारी औषधांचा ट्रे मात्र हवाच. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ई-मोटिव्ह चाचणीत (२०२३) गंभीर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. तिथे ड्रेपसोबत गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पाववणारं औषध), ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध), सलाईन आणि तपासणी हे सगळं एकाच वेळी सुरू होत होतं. ट्रॅनेक्सामिक १ ग्रॅम, शिरेतून, सुमारे १० मिनिटांत, आणि बाळंतपणापासून ३ तासांच्या आत. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवरच. बडोद्याच्या मे महिन्यात ते ट्रेमध्ये उघडं पडलं तर त्याचा जोर कमी होतो, म्हणून ट्रेवर 'ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये' अशी चिठ्ठी लावा आणि फ्रिजच्या थर्मामीटरची नोंद रोज सकाळ-संध्याकाळ ठेवा.