कान की माइक? फोनचा आवाज तपासण्याच्या दोन पद्धती

सोलापूरच्या नवी पेठेतल्या गर्दीत फोन कानाला लावून आवाज किती मोठा आहे ते कळतं, किती चांगला ते नाही. दोन्ही पद्धतींना आधी शांत खोली हवी, पंखा बंद. सोलापूरच्या मे महिन्यात हे जिवावर येतं, पण पंख्याची घरघर बारीक दोष गिळून टाकते.

कानाने तपासताना इक्वलायझर (बास-ट्रेबल कमीजास्त करणारी सेटिंग) बंद ठेवा, ओळखीचं एकच गाणं तुलना करायच्या दोन्ही फोनवर वाजवा आणि आवाजाची पातळी जुळवा. हे अनेकजण विसरतात आणि तिथेच फसतात: किंचित मोठा आवाज कानाला बहुतेक वेळा सरस वाटतो. स्पीकरची खरखर, जाळीत अडकलेली धूळ, सैल बॅककव्हरची थरथर मात्र कान चटकन पकडतो. दुरुस्तीच्या टेबलावर आम्ही आधी कानावरच विश्वास ठेवू.

मोजणीसाठी लॅपटॉप, यूएसबी मापन-माइक आणि २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे फोनवर वाजवायचा खालून वर चढत जाणारा सूर, लागतो. माइक फोनपासून ३० सेंमीवर. आलेखात खालचा बास गायब दिसला तर घाबरू नका, एवढ्याशा स्पीकरकडून तो निघतच नाही. माइकऐवजी दुसरा फोन वापरला तर त्याचं नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणारी सोय) आकडे बिघडवतं.

कॉलवर स्वीप पाठवू नका. फोन त्याला गोंगाट समजून दाबतो. तिथे बोललेली मराठी वाक्यं रेकॉर्ड करून पाठवावीत. साध्या नॅरोबँड कॉलमध्ये ३०० ते ३,४०० हर्ट्झच जातात, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ एकसारखे ऐकू येणं हा हँडसेटचा दोष असेलच असं नाही.