बाटलीवरची करडं: सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिन्यांपूर्वी दोन करडं दारात आली तेव्हा मला शेळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या आईला तिळं झालं होतं, तिच्या कासेचा एक भाग दगडासारखा कडक झाला होता आणि तिने एकाच पिल्लाला जवळ केलं. उरलेली दोन, एक पाठ (म्हणजे मादी करडू) आणि एक बोकड, दोन दिवसांची असताना माझ्या पदरात पडली. पाठ २.४ किलो, बोकड १.९. सोबत तान्ह्या मुलांच्या दोन बाटल्या आणि 'दर चार तासांनी पाजा' एवढाच सल्ला.

विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न मी तिसऱ्या दिवशी विचारला: यांना चीक, म्हणजे व्यायल्यावरचं आईचं पहिलं दाट दूध, मिळाला का? शेळीच्या वारेतून पिल्लाला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात. आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेतं आणि चोवीस तासांनंतर ते दार बंद झाल्यासारखंच असतं. मात्रा वजनाच्या साधारण १० टक्के, म्हणजे पाठीला २४० आणि बोकडाला १९० मिली, पहिल्या दिवसभरात विभागून. माझ्या दोघांना मिळाला होता, हे निव्वळ नशीब. कुणी करडू देऊ केलं तर ते गोड दिसतं का हे नंतर बघा, आधी हे विचारा.

आता बाटल्यांबद्दल. तान्ह्या मुलांची बाटली पहिले आठ दिवस उत्तम. मापाच्या रेघा स्पष्ट असतात आणि इवल्या तोंडाला चोखणी बरोबर बसते. पण करडाचे खालचे पुढचे दात जन्माच्या सुमारासच येतात, त्यामुळे मऊ रबर फार टिकत नाही. नवव्या दिवशी टोकाचा तुकडा बोकडाच्या तोंडात आणि बाकीची चोखणी माझ्या हातात. नंतर घेतली ती लाल रबराची लांब चोखणी. शीतपेयाच्या साध्या बाटलीवर ती फिरवून बसते, आणि बुडाशी हवेसाठी झडप असल्याने बाटली चिपटत नाही. चार घेतल्या होत्या. दोन तडकल्या, दोन अजून धड आहेत. वस्तू म्हणून समाधानी आहे.

तक्रार आहे ती भोकाची, आणि तिथे दोष चोखणीचा नाही, माझा. या चोखणीचं टोक बंद येतं, आपणच कापायचं असतं. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबथेंब पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. पाजायला वीस मिनिटं लागतात म्हणून कंटाळून मी पाचव्या आठवड्यात कात्री थोडी जास्त चालवली. तीन मिनिटांत बाटली रिकामी, मी खूश. दुसऱ्या दिवशी बोकडाला पिता पिता ठसका लागला आणि दूध नाकातून आलं. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात मान टाकून उभा, श्वास भरभर, ताप ४०.९ अंश सेल्सिअस. (निरोगी करडाचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ असतं, हे मला त्या रात्री पाठ झालं.) दूध फुप्फुसात गेलं होतं. पशुवैद्यांनी वेळेत इंजेक्शनं सुरू केली म्हणून वाचला, पण पुढचे दोन आठवडे त्याचं वजन जागचं हललं नाही. वीस मिनिटं लागत होती ती बरोबरच होती.

पाजण्याची ढबही याच प्रकरणातून शिकलो. मांडीवर उताणं झोपवून पाजू नये. करडू उभं हवं, मान पुढे ताणलेली, तोंड किंचित वर, जणू आईच्या कासेला लुचतंय. शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. असं लुचताना पोटातली एक पन्हाळ मिटून नळीसारखी होते आणि दूध पहिल्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्यात उतरतं. दूध पहिल्या पोटात सांडलं तर तिथे आंबतं, मग पोटफुगी आणि हगवण. करडू तोंड लावत नसेल तर डोळ्यांवर हलकेच हात धरा. आईच्या पोटाखालच्या अंधारासारखं वाटत असावं, माझी पाठ तेवढ्याने लगेच चोखायला लागायची. शेपटी फडफडू लागली की समजायचं, गाडी रुळावर आली.

दूध अंगाइतकं कोमट, ३९ अंशांच्या आसपास. करडू गारठलेलं असेल तर मात्र आधी करडू गरम करायचं आणि मगच दूध. त्याच्या तोंडात बोट घालून बघा: आत थंड लागलं तर बाटली बाजूला ठेवा. गारठलेल्या पोटाला दूध पचत नाही.

सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती असं विचाराल तर हुकाचा साधा तराजू आणि एक पिशवी. बाटली, चोखणी, दुधाऐवजी पाजायची पावडर सगळं त्याच्यानंतर. कारण करडू ओरडतं. पोटभर पाजलं तरी ओरडतं, तुम्ही दिसलात की ओरडतं, दाराची कडी वाजली तरी ओरडतं. पहिले तीन आठवडे मी त्या ओरडण्याचा हिशेब दुधात करत होतो आणि दोघांना पिवळी पातळ हगवण लावून बसलो. मग वजनावर आलो. दिवसाला वजनाच्या १५ ते २० टक्के दूध, त्याहून जास्त नाही. पहिल्या आठवड्यात ते पाच वेळा विभागून, नंतर चार, महिन्याने तीन, शेवटी दोन. पाठ ४.५ किलोची होती तेव्हा दिवसाचे ८०० मिली, चार बाटल्यांत २०० प्रमाणे. शेवटचा घोट संपला की ती रिकामी चोखणी ओढत बसायची आणि माझ्याकडे असं बघायची की मी सावकारच आहे. तरी वाढवलं नाही. चार दिवसांत लेंड्या पुन्हा गोळीदार झाल्या.

पावडरीबद्दल थोडक्यात. पाकिटावर प्रथिनं दुधाची आहेत की सोयाची ते वाचा, लहान करडांना सोया नीट पचत नाही. वासरांची आणि कोकरांची पावडर म्हणजे करडांची नव्हे. आणि दुधावरून पावडरीवर जायचं तर चार-पाच दिवसांत मिसळत मिसळत जा. मी एका सकाळी बदललं, संध्याकाळी गोठा धूत होतो.

चारा मात्र मी उशिरा सुरू केला, ही माझी दुसरी मोठी चूक. आठवड्याभराच्या करडासमोरही मूठभर मऊ वाळलेलं गवत आणि स्वच्छ पाणी ठेवायला हवं. सुरुवातीला ते फक्त चघळतं आणि पसरवतं, पण त्या चघळण्यानेच पहिलं पोट जागं होतं. बाटलीवरच्या पिल्लाला आईकडे बघून शिकता येत नाही, हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले. पाठीला पहिल्यांदा रवंथ करताना पाहिलं तो दिवस अजून आठवतो. जबडा वाकडा फिरतोय, डोळे अर्धे मिटलेले, एकदम प्रौढ बाई.

सहाव्या आठवड्यात पुन्हा हगवण, या वेळी काळपट आणि रक्ताची छटा असलेली. दुधाचा संशय घेऊन बसलो नाही, लेंड्यांचा नमुना तपासायला दिला. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, निघाले. औषध वजनानुसार पशुवैद्यांनी ठरवलं. माझ्या वाट्याचं काम म्हणजे अंथरूण कोरडं ठेवणं आणि चारा जमिनीवरून उचलून गव्हाणीत टाकणं. आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) आणि धनुर्वाताची लसही त्यांनीच वेळापत्रक लावून दिली.

अकराव्या आठवड्यात दूध तोडलं, पाठ १०.५ किलोची आणि बोकड ८.७ चा असताना. एकदम नाही, आठ दिवस एक एक बाटली कमी करत. तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही, चौथ्या रात्री दोघं चारा खाऊन गपचूप बसली.

एक गोष्ट पहिल्या महिन्यात कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. बोकड लहान असताना माझ्या गुडघ्याला डोकं लावायचा आणि मी हसून त्याचं कपाळ खाजवायचो. माणसाच्या हातावर वाढलेल्या नराला माणसाची भीती नसते, आणि ती ढुशी वजनाबरोबर वाढत जाते. त्याला खच्ची केलंय, पण फार लवकर नाही, कारण लवकर खच्ची केलेल्या आणि धान्य-पेंडीच्या खुराकावर वाढवलेल्या नरांत मूत्रखडे होऊन लघवी तुंबण्याचा धोका जास्त असतो. म्हणून त्याचा खुराकही मोजूनच. कपाळ खाजवणं बंद केलं आहे. तो ते विसरलेला नाही, माझ्या डाव्या गुडघ्याला विचारा.

दोन्ही धड चोखण्या उकळून, वाळवून डब्यात ठेवल्या आहेत. टोक कापायची कात्री त्यांच्यासोबत ठेवलेली नाही. पुढच्या वेळी तापवलेल्या सुईने एकच बारीक भोक पाडायचं.