अ‍ॅल्युमिनियमच्या चिप्स चाळताना जाळी का बुजते: बॉल ट्रेवाल्या व्हायब्रो चाळणीचा तिन्ही ऋतूंतला अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आमचं काम म्हणजे सीएनसीवाल्यांकडून (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवाल्यांकडून) येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चिप्स, म्हणजे धातू कापताना निघालेला कीस, साफ करून भट्टीवाल्यांना देणं. मागच्या मे महिन्यात ४८ इंची, दोन जाळ्यांची गोल व्हायब्रो चाळणी, म्हणजे मोटरनं थरथरणारी चाळणी, घेतली. जाळीखाली रबरी बॉलचा ट्रे आहे. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की बॉल असले की जाळी बुजतच नाही. पावसाळा, थंडी आणि आता ऊन असं सगळं झाल्यावर सांगतो: मशीन चांगलं आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच घेईन, पण ते म्हणणं अर्धंच खरं आहे. जाळी बुजण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि बॉल त्यातल्या एकावरच खरा इलाज करतात.

चाळायचंच कशाला, असं नवीन लोक विचारतात. बारीक भुकटीचा पृष्ठभाग वजनाच्या मानानं फार मोठा असतो. भट्टीत ती वितळण्याऐवजी जळते आणि ड्रॉसमध्ये, म्हणजे वितळलेल्या धातूवरच्या मळीत, जाते. ती बाजूला काढली की उरलेल्या मालाची रिकव्हरी (वितळवून हाती येणारा धातू) सुधारते आणि भावही नीट मिळतो. म्हणून जाळी बुजली की नुकसान लगेच दिसत नाही, पण होतं. भुकटी खाली पडायचं थांबते आणि चांगल्या मालासोबत वरूनच पुढे निघून जाते.

आता बॉल कुठे उपयोगी पडतात ते. भोकाच्या मापाच्या जवळपासचा दाणा, साधारण पाऊणपट ते दीडपट, हा सगळ्यात त्रासदायक. मोठा दाणा वरून घसरून जातो, लहान पडून जातो, हा मधला मात्र भोकात रुतून बसतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमची चिप स्वल्पविरामासारखी वळलेली, तारेला आकडा टाकून लटकते. पितळेचा माल याच जाळीवर बराच सुरळीत चालतो, कारण पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे आणि झटक्यासरशी स्वतःच्या वजनानं सुटतं. हलक्या चिपला खालून ठोसा द्यावा लागतो, तो बॉल देतात. या कामात त्यांना पूर्ण गुण. पूर्वी लाकडी हातोडीनं रिंग ठोकून जाळी मोकळी करायचो, त्यात जाळ्या कडेला फाटायच्या. ते ठोकणं आता बंद झालं.

पण बॉल कशाचे आहेत ते आधी विचारा. मशीनसोबत आलेले साध्या नैसर्गिक रबराचे होते. चिप्सवर कटिंग ऑइल असतंच, आणि नैसर्गिक रबर तेलात फुगतं, मऊ पडतं. पावसाळा संपता संपता चाळणीवर काम करणारे मामा म्हणाले, “शेठ, गोळे मुके झालेत.” खरंच टपटप आवाज जाऊन नुसती भदभद उरली होती. ट्रे उघडला तर बॉल हाताला चिकटत होते, काहींचे तुकडे पडले होते. हे तुकडे मालातून भट्टीत गेले तर धूर होतो आणि भट्टीवाला पुढच्या गाडीला नाक मुरडतो. नायट्राइल रबराचे घेतले, ते अजून टणक आहेत. ट्रेच्या एका कप्प्यात तीन ते पाच पुरतात. जास्त भरले तर उसळायला जागाच उरत नाही.

खरी लढाई पावसाळ्यात झाली, आणि ती बॉलनं जिंकता येणारी नव्हती. गोंद्याकडून, म्हणजे इगतपुरीच्या अंगानं येणारा माल जुलैमध्ये निथळतच येतो. सिन्नरकडचा त्या मानानं कोरडा, तिकडे पाऊसच कमी. ओल्या मालात कूलंट (कापताना मशीनवर सोडतात ते तेल-पाणी) आणि भुकटी मिळून लेप तयार होतो. तो तारेला चिकटून भोक कडेकडेनं लहान करत जातो. बॉलच्या ठोशानं हा लेप पडत नाही, उलट दाबून बसतो. त्याहून वाईट म्हणजे बॉल ट्रेची खालची आधाराची जाळीच त्या चिखलानं भरते, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना खाली काहीच पडत नाही.

याचा इलाज चाळणीच्या आधी आहे. आम्ही चिप्स गरागरा फिरवून पिळायचं मशीन, म्हणजे सेंट्रिफ्यूज, बसवलं. त्यातून निघालेल्या मालात ओल सुमारे २ टक्क्यांवर येते आणि मग हीच चाळणी वेगळं मशीन वाटावं इतकी बदलते. निघालेलं कूलंट गाळून पुन्हा वापरता येतं. ओली चिप वितळलेल्या धातूत गेली तर पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो, त्यामुळे भट्टीवालाही कोरड्याच मालाची वाट पाहत असतो. थंडीत पाणी नसलं तरी नुसतं तेल घट्ट होतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आम्ही माल थोडा वेळ उन्हात पसरूनच चाळणीवर घेतो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी सेंट्रिफ्यूज घ्या, चाळणी नंतर.

लोखंडाच्या बारीक कणांचा त्रास वेगळाच. ३०४ स्टेनलेसची तार ओढताना आणि विणताना थोडी चुंबकीय होते, आणि चुंबकीय चकवर (चुंबकानं माल धरणाऱ्या मशीनच्या पकडीवर) घासलेल्या मालाचे कण तिला केसाळ थरासारखे धरून बसतात. चाळणीच्या आधी पट्ट्यावर मॅग्नेट लावला, प्रश्न मिटला.

जाळी निवडताना नुसता मेश (एका इंचात किती भोकं) सांगू नका, तारेची जाडीही सांगा. १० मेशमध्ये तार अर्धा मिमी असेल तर सुमारे ६४ टक्के जागा मोकळी राहते. तीच ०.७ मिमी घेतली तर जेमतेम ५२ टक्के. जाड तार टिकते म्हणून दुकानदार तीच पुढे करतो, पण भुकटी पडायला जागाच कमी झाली की बुजणं आलंच. आम्ही बारीक तार वापरतो आणि जाळी लवकर बदलतो.

मोटरच्या दांड्याला वर आणि खाली लावलेल्या, थरथर देणाऱ्या वजनांकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. वरचं वजन वाढवलं की आडवा झोका वाढतो, खालचं वाढवलं की उभी उसळी. बुजणाऱ्या मालाला उसळी हवी. दोन वजनांमधला कोन बदलून माल जाळीवर किती वेळ फिरेल तेही ठरवता येतं. आमचा माल सरळ कडेला पळायचा, कोन वाढवल्यावर गोल फिरून जातो आणि भुकटीला पडायला वेळ मिळतो.

लेथवर निघणाऱ्या लांब वेटोळ्यांच्या टर्निंगला ही चाळणी अजिबात नाही. ती आधी क्रशरमध्ये तोडा, नाहीतर वेटोळी जाळीवर गादी करून बसतात. अल्ट्रासोनिक जोडही, म्हणजे जाळीला अतिसूक्ष्म कंप देणारं उपकरण, सुचवली जाते. ती कोरड्या, पिठासारख्या पावडरीसाठी चांगली, चिप्सवर तिचे पैसे घालू नका.

एक गोष्ट मात्र काकुळतीनं सांगतो. बुजलेल्या जाळीवर हवेचा पाइप मारू नका. अ‍ॅल्युमिनियमची कोरडी भुकटी हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर भडका उडतो, आणि आग लागली तर त्यावर पाणी चालत नाही, कोरडी वाळू लागते. चाळणी स्प्रिंगवर आणि कापडी बाहीवर असते, म्हणून अंगावर साठणारी स्थिर वीज ठिणगी न पडता जमिनीत जायला तिला वेगळी अर्थिंगची तार जोडा. जाळी साफ करायला नायलॉनचा ब्रश वापरा, मशीन बंद करून.

ऑर्डर देताना नायट्राइल बॉलचा जादा संच आणि रिंगवर ताणून बसवलेली एक जाळी सोबतच मागा, आणि दोन्ही जूनच्या आत शेडमध्ये आणून ठेवा.