हर्लिंगचा ऑनलाइन पास : पैसे वसूल, पण...

हर्लिंग म्हणजे काठीनं बॉल मारायचा आयरिश खेळ; त्याच्या 2025 च्या जो मॅकडोना कपसाठी पास घेतला. आयर्लंडमधल्या काउंटी (म्हणजे जिल्हा) टीमची ही दुसऱ्या फळीची स्पर्धा, सहा टीम एकमेकींशी खेळतात आणि वरच्या दोन फायनलला. किल्डेअर आदल्या वर्षी तिसऱ्या फळीत होती बे, आणि डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमात लीश काउंटीला हरवून डायरेक्ट कपच नेला, ते पण पगार न घेता खेळणारी पोरं! आजोबा म्हणाले विटीदांडूच की हा, विटी तेवढी गोल. गोलला 3 पॉइंट, बॉल गोलपोस्टच्या आडव्या दांडीवरनं गेला तर 1, एवढं कळलं की बास. व्हिडिओ मात्र लई अडकतो, तेवढ्यात शेंगाचटणी-भाकरी खाऊन होते. कस्टमर केअरला मेल टाकला, उत्तर नाही. 3 स्टार.