अर्ध्यावर अडकलेला उबुंटू अपग्रेड आणि त्यानंतरचे आठ महिने

गेल्या जूनमध्ये लॅपटॉपवर उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची २२.०४ आवृत्ती काढून २४.०४ चढवत होते आणि ऐन मध्यात लाइट गेली. आता फेब्रुवारी २०२६ आहे. तोच लॅपटॉप, तीच सिस्टीम, फॉरमॅट न मारता, रोज सात-आठ तास चालतेय. एक दिवाळी अंक तिच्यावर लावून झाला, दोन पुस्तकांची मुद्रितं तपासून झाली. अर्धवट अपग्रेड दुरुस्त केलेली सिस्टीम पुढे किती टिकते, हे तेव्हा मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

लॅपटॉप सहा वर्षांचा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बॅटरी नावापुरती, चार्जर काढला की दोन मिनिटांत डोळे मिटते. माझं काम अक्षरजुळणीचं. घाई म्हणाल तर काहीच नव्हती, २२.०४ला एप्रिल २०२७पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणारच होते. पण ‘नवी आवृत्ती उपलब्ध’ ही चौकट सारखी समोर यायची, आणि लिबरऑफिस (वर्डसारखा प्रोग्रॅम) ७.३वरून एकदम २४.२ मिळणार याचा मोह होता. चिपळूणचा जून. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे आणि ट्यूबलाइटच्या लाइनवर. टेबलाजवळचा प्लग त्यावर नाही. हे मला माहीत होतं. म्हणजे खापर कुणावर फोडायचं हा प्रश्नच नाही.

सगळी पॅकेजेस (सिस्टीमचे सुटे भाग) उतरवून झाली होती, ती बसवणं चालू होतं. पावणेदहाला सगळं काळं. लाइट आल्यावर चालू केलं तर पांढऱ्या अक्षरांची रांग आणि शेवटी कर्नल पॅनिक (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा): रूट फाइल सिस्टीम माउंट करता येत नाही. त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. नवा कर्नल डिस्कवर आला होता, बूटच्या यादीतही त्याचं नाव चढलं होतं, पण त्याच्यासोबत लागणारं इनिटरामएफएस तयार व्हायचं राहिलं होतं. डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर त्यात असतात. ते नसलं की कर्नलला स्वतःचं घरच सापडत नाही.

सकाळी दुकानवाल्याला फोन केला. अर्धं ऐकूनच तो म्हणाला, “ताई, घेऊन या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.” मग पुण्याला भाच्याला फोन. तो म्हणाला, “मावशी, काहीही डिलीट करू नकोस. आधी होम फोल्डर बाहेर काढ, मग दुरुस्तीचं बघू.” जुना २२.०४चा पेनड्राइव्ह कपाटात होता. त्यावरून ‘ट्राय उबुंटू’ने मशीन उघडलं आणि माझ्या फाइलींचे ६१ जीबी बाहेरच्या हार्डडिस्कवर काढले. तेवढं झाल्यावर माझे हात थरथरायचे थांबले. पुढचं जे काही केलं ते बिनधास्तपणे करता आलं ते या एका कॉपीमुळे.

नंतर ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडला. तो सुरू झाला, पण पडदा काळाच, वर डाव्या कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं तर लॉगिन आलं. पासवर्ड चालला. म्हणजे सिस्टीम मेलेली नव्हती, फक्त तिचा चेहरा गेला होता.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. उबुंटूत पॅकेजेस बसवणारा डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहून ठेवतो, अगदी तलाठ्याच्या दप्तरासारखी. ‘डीपीकेजी एल’ दिलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं येतात. ‘आय-आय’ म्हणजे व्यवस्थित बसलेलं. ‘आय-यू’ म्हणजे उलगडून ठेवलंय, पण जुळवणी बाकी. ‘आय-एफ’ म्हणजे जुळवणी सुरू केली आणि अर्धवट राहिली. ‘डीपीकेजी ऑडिट’ दिल्यावर बाकी राहिलेल्यांची यादी आली: २१४. व्हार-लॉगमधल्या डीपीकेजीच्या नोंदवहीत शेवटची ओळ कुठल्या पॅकेजची आणि किती वाजताची, तेही होतं. लाइट ९ वाजून ४७ मिनिटांनी गेली, हे मला आमच्या घड्याळाने नाही, त्या वहीने सांगितलं.

यानंतर एकच कमांड: ‘सुडो डीपीकेजी कॉन्फिगर ए’. (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, कॉन्फिगरच्या आधी दोन डॅश, एच्या आधी एक.) ही कमांड अर्धवट राहिलेली जुळवणी पुरी करते. इंटरनेट लागत नाही, कारण उलगडलेली पॅकेजेस डिस्कवरच असतात. इथेच मी एक चूक करता करता वाचले. आधी ‘ॲप्ट क्लीन’ (उतरवलेल्या पॅकेजेसच्या फाइली पुसणारी कमांड; ॲप्ट म्हणजे पॅकेजेस नेटवरून आणणारा प्रोग्रॅम) मारून जागा मोकळी करा, असा सल्ला मला फोनवर एकाने दिला होता. तो ऐकला असता तर उतरवलेल्या, पण अजून न उलगडलेल्या पॅकेजेसच्या फाइलीही गेल्या असत्या, आणि त्या क्षणी वायफायही उठत नव्हतं. भाच्याने नको म्हटलं म्हणून थांबले.

वीस मिनिटं ओळी धावल्या. नव्या कर्नलचं इनिटरामएफएस त्यातच तयार झालं. २१४ची संख्या ११वर आली आणि अडली. मेलच्या प्रोग्रॅमचं पॅकेज आता नुसतं नाममात्र असतं. बसताना ते स्नॅप स्टोअरकडे (उबुंटूच्या ऑनलाइन ॲप-दुकानाकडे) जातं, आणि नेट नाही म्हणून दर वेळी रुसत होतं. नेटवर्क मॅनेजर एव्हाना जागेवर आला होता, मग मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं. ‘ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ने आणखी सहा सुटली. शेवटचं खरं भांडण एका फाइलवरून: पूर्वी बाहेरच्या पीपीएमधून (पॅकेजेसच्या अधिकृत नसलेल्या भांडारातून) घेतलेलं एक पॅकेज आणि नवं पॅकेज, दोघंही त्या फाइलवर हक्क सांगत होते. अशा वेळी ‘फोर्स ओव्हरराइट’ (दुसऱ्या पॅकेजची फाइल जबरदस्तीने बदलणं) सगळ्यांवर सरसकट मारू नये. मी ते फक्त त्या एका पॅकेजवर वापरलं, मग जुनं पीपीएवालं काढून टाकलं, ‘ॲप्ट अपडेट’ आणि ‘फुल-अपग्रेड’ दिलं, ग्रब पुन्हा लिहून घेतला आणि मशीन रीस्टार्ट केलं. लॉगिनचा पडदा आला तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. चहा केला आणि एकटीच बाल्कनीत बसले.

अति आनंदात माणूस जे करतो तेच मी केलं. ‘आता नको असलेली पॅकेजेस काढू का?’ असं ‘ऑटोरिमूव्ह’ने विचारलं, आणि लांबलचक यादी न वाचता मी वाय दाबून एंटर मारला. पुढच्या चार महिन्यांतला जवळजवळ सगळा ताप या एका वायचा.

पहिला फटका दुसऱ्याच दिवशी. मराठी टाइप होईना. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डचं नावच नाही. आयबस (टायपिंगची भाषा बदलून देणारा प्रोग्रॅम) चालू होता, पण त्याचं मराठी कीबोर्ड देणारं एम१७एन पॅकेज साफसफाईत गेलं होतं. ते परत घेतलं, आयबस रीस्टार्ट केला, पाच मिनिटांत प्रश्न संपला.

दुसरा फटका सप्टेंबरमध्ये आणि तो जिव्हारी लागला. दिवाळी अंकासाठी गेल्या वर्षीची फाइल साचा म्हणून उघडली. १६० पानांचा अंक १६३ पानांचा दिसायला लागला. ओळी कुठेही तुटत होत्या, ‘र्‍या’ वेगळाच दिसत होता, शीर्षकं दुसऱ्या ओळीत घुसली होती. लिबरऑफिस बदललंय म्हणून असेल, असं समजून मी दोन दिवस समासांशी झटत राहिले. मग फॉन्टच्या चौकटीत नाव तिरक्या अक्षरांत दिसलं. लिबरऑफिस ज्या फॉन्टचं नाव असं दाखवतं तो मशीनवर नसतो. देवनागरी फॉन्टची दोन पॅकेजेसही त्याच रात्री गेली होती. ‘चेक लँग्वेज सपोर्ट’ ही कमांड मराठीसाठी चालवली की त्या भाषेचं काय काय राहिलंय त्याची यादी येते. मी ती जूनमध्येच चालवायला हवी होती. फॉन्ट परत आले आणि पानं पुन्हा १६०. एक ओळही हलली नव्हती.

ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक अपडेटला ‘हेच भांडार दोनदा नोंदवलंय’ अशा सूचनांची रांग यायची. २४.०४पासून भांडारांची नोंद ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ या नव्या फाइलमध्ये असते, आणि माझ्याकडे जुन्या ‘सोर्सेस डॉट लिस्ट’मध्येही त्याच ओळी राहिल्या होत्या. जुन्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाकलं, सूचना बंद.

त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि या बाबतीत ती चांगली बातमी आहे. मशीन २२.०४इतक्याच वेळात सुरू होतं. १६० पानांची फाइल, ब्राउझरचे पंधरा टॅब आणि पीडीएफ एकत्र उघडल्यावर ८ जीबी रॅम कण्हते, पण ती आधीही कण्हायची. जानेवारीत ‘डीपीकेजी ऑडिट’ पुन्हा चालवून बघितलं: काहीही उत्तर नाही, म्हणजे बाकी शून्य.

फॉरमॅट बरा की दुरुस्ती? दुकानवाला पूर्ण चूक नव्हता. नुसता ब्राउझर आणि मेल वापरणाऱ्याने होम फोल्डर काढून घ्यावा आणि पेनड्राइव्हवरून २४.०४ नव्याने टाकावी, तासाभराचं काम. माझ्याकडे दहा वर्षांत जमवलेले फॉन्ट, कीबोर्डच्या सवयी, शब्दकोशात स्वतः घातलेले हजारो शब्द, प्रिंटरची कशीबशी जमलेली जुळणी होती. ते सगळं पुन्हा उभं करण्यापेक्षा दीड दिवस आणि एक सप्टेंबर मला स्वस्त पडला.

२४.०४ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट आहेत. या एप्रिलमध्ये २६.०४ यायची आहे; ती चौकट पुन्हा समोर येईल आणि या वेळी ती दिवाळी अंक छापायला गेल्यावरच उघडली जाईल. नवी बॅटरी नोव्हेंबरात टाकली, अडीच तास चालते. टेबलाजवळचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला वायरमन गेल्या गुरुवारी येणार होता. अजून आलेला नाही.